थंड चिलीम

"चिलीम त्याच्याच तोंडात होती ना? मंग झालं. आणखीन काय पुरावा पाह्यजे तुमाले?"

किसनराव आडत्यांचा आवाज अकोल्याच्या अख्ख्या कापूसबाजारात घुमला, आणि गोदावरीच्या हातातली हुरड्यासाठी बांधून घेतलेली चटणीची पुरचुंडी तशीच राहिली. खरं तर आज तिचा अकोल्याचा सवंगडी सूर्यभान याच्या शेतावर हुरडा खायला जायचं ठरलं होतं. साहेबाच्या सणाची, नाताळची, सुट्टी म्हणून अमरावतीची मुलींची शाळा बंद झाली, आणि गोदावरी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत कालच मामांकडे अकोल्याला आली होती. सुट्टी म्हणजे हुरडा, बोरं आणि मोर्णा नदीच्या पात्रात हुंदडणं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पण उजाडता उजाडता किसनरावांचं एक कोठार पेटलं. काय जाळ होता तो! कापूस जळतो तेव्हा आवाज करत नाही, नुसता भसकन वर उठतो. त्याची ठिणगी शेजारच्या आवारात पडली आणि सूर्यभानच्या बाबांच्या, रामरावांच्या, कापसाने भरलेल्या गाड्याही गेल्या.

आता कोठाराच्या जागी काळा धूर सोडणारा ढीग होता, आणि समोरच्या खांबाला राखणदार नत्थुजी बांधलेला होता. बैलाच्या दाव्याने. साठी उलटलेला माणूस, मनगटं मागे ओढून. त्याची मातीची चिलीम पायाशी पडली होती.

तिकडे दूर सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपून तिकडचा कापूस बंद झाला होता म्हणे, म्हणून साहेबाला वऱ्हाडाचा कापूस हवा होता, कितीही, कोणत्याही भावाने. त्यामुळे शेतकऱ्यांकडून कापूस घेऊन मुंबईला पाठवणारे किसनराव आडते गेल्या तीन वर्षांत फार मोठे झाले होते. कपाळाला गंध, गळ्यात माळ. आग लागू नये म्हणून रोज आपल्या आवारात चामड्याच्या पखालींनी पाणी मारून घेणारा बाजारातला एकमेव माणूस. लोक त्यांचं उदाहरण देत.

"वकीलसाहेबांनी सोता पाह्यलं हाये," किसनराव म्हणाले. "बोला, वकीलसाहेब."

वकीलसाहेब म्हणजे गोदावरीचे गोपाळकृष्णमामाच. ते घसा साफ करून पुढे झाले. "मी रोज या रस्त्याने फिरायला जातो. नत्थुजी पहाटेपासून चिलीम तोंडात धरून बसलेला असतो. आज उजाडतानाही पाहिला. धूर काढत होता."

झालं. मामांनी सांगितलं म्हणजे दगडावरची रेघ. रामराव तर चवताळून पुढे धावले, लोकांनी धरलं म्हणून बरं. तहसीलदार शेषराव दुपारी गावात येणार होते. आले की नत्थुजीची रवानगी थेट तुरुंगात.

"खोटं हाये ते," गर्दीतून एक आवाज आला. "माह्या आबाजीनं आग नाई लावली."

ती शकुन होती, नत्थुजीची नात. किसनरावांच्या गड्याने तिला दंडाला धरून बाजूला ढकललं. ती पडली, उठली, परत पुढे गेली. त्याने परत ढकललं. गर्दीतलं कोणी हललंसुद्धा नाही. हे बघून गोदावरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला राग आला की आधी कान तापायचे.

*

बाजारामागच्या चिंचेखाली शकुन भेटली. गुडघा फुटला होता, पण रडत नव्हती. रडण्यापेक्षा वाईट काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"शकुन," गोदावरी हळूच म्हणाली, "पण चिलीम तर मीसुद्धा पाहिलीय गं त्यांच्या तोंडात. मागच्या सुट्टीत. रोज."

"तू बी?" शकुनने आबाजीच्या पायाशी पडलेली उचलून आणलेली चिलीम ओच्यातून काढली आणि तिच्या नाकाखाली धरली. "घे. हुंग."

गोदावरीने हुंगली. तंबाखूचा वास नाही, कोळशाचा नाही. माठात नाक घातल्यासारखा नुसता मातीचा. आत डोकावली तर आतून लाल. ओढणाऱ्याची चिलीम कशी काजळीने माखलेली असते, तसं काही नाही.

"दोन वर्सं झाले, आबाजीनं धूर नाई घेतला," शकुन म्हणाली. "खोकून खोकून रगत पडे. वैद्य म्हणे, आता ओढशीन तं मरशीन. तवापासून धूर सुटला, पण चिलीम नाई सुटली. तोंडात काई नसलं की त्याले करमत नाई. म्हणून रिकामी चिलीम चोखत बसते."

"मग हे सांगितलं नाहीस तिथे?"

"सांगतलं ना. किसनराव म्हणे, नवी घेतली असंन. सारे हासले. तुहा मामा बी हासला."

गोदावरीने चिलीम घेतली आणि तडक घराकडे निघाली. शकुन मागे.

मामा ओसरीवर उभे राहून कचेरीचं पागोटं बांधत होते. थंडी अशी होती की तुळशीवरचं दव अजून वाळलं नव्हतं.

"मामा, तुम्ही धूर पाहिलात?"

"कसला धूर?"

"नत्थुजींच्या चिलमीचा. डोळ्यांनी पाहिलात?"

"अगं, चिलीम म्हटली की धूर आलाच. तोंडातून पांढरा धूर निघत होता. मी काय आंधळा आहे?"

आणि ते बोलत असताना मामांच्या तोंडातून पांढरी वाफ भसाभसा बाहेर पडत होती. शकुनने गोदावरीकडे पाहिलं. गोदावरीने मामांकडे.

"मामा," ती म्हणाली, "मग तुमची चिलीम कुठाय?"

मामांनी तोंड मिटलं. वाफ नाकातून यायला लागली.

"गोदे, फार बोलायला लागलीस. शाळेत घातलं तेव्हाच तुझ्या वडिलांना मी म्हटलं होतं." त्यांनी बांधलेलं पागोटं सोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं. "आणि समजा त्याने नाही लावली. मग लावली कोणी? कापूस काय आपोआप पेटतो? त्याचं उत्तर आण, मग माझ्याशी वाद घाल."

"आणते," गोदावरी म्हणाली.

*

सूर्यभान त्यांना बाजाराच्या तोंडाशीच भेटला, आणि भेटला तो भांडतच.

"त्या बुढ्याची बाजू घेऊन राहिली तू? माह्या बापाच्या गाड्या जळाल्या. बाप सकाळपासून पाणी प्याला नाई."

"माह्या आबाजीले बांधून ठेवलं हाये," शकुन म्हणाली. "तुह्या बापाले कोणी बांधलं?"

"अवं पण त्यानंच तं..."

"त्यानं काय? तू पाह्यलं?"

"सारे म्हणून राहिले."

"सारे." शकुन थुंकली. "साऱ्याईचे डोळे किसनरावाच्या खिशात हायेत."

गोदावरीने मधे चिलीम धरली. सूर्यभानने हुंगली, बोट घालून पाहिलं, बोट पाहिलं. तो हट्टी होता, पण अकोल्याच्या सरकारी शाळेत गणितात पहिला होता, आणि समोर दिसणारी गोष्ट नाकारणं त्याला जमत नसे.

"बोट काळं नाई झालं," तो पुटपुटला. मग खाली पाहून, "आणि गोदावरी, तुह्या पायाले काय झालं?"

गोदावरीने खाली पाहिलं. सकाळी किसनरावांच्या आवारात उभी राहिल्यामुळे तिचे पाय घोट्यापर्यंत धुळीने माखले होते. परकराच्या काठाचाही रंग दिसत नव्हता.

"धूळ आहे. त्यात काय?"

ती बोलली आणि तिथेच थांबली. तिघंही थांबले.

रोज सकाळी पखालवाला रेड्यावर पखाली लादून मोर्णेवरून पाणी आणतो, एक झाली की दुसरी, आणि सगळा बाजार बघत असताना किसनरावांच्या दारातून आत जातो. आगीची काळजी म्हणून. धूळ बसावी म्हणून.

"मग आवारात धूळ कशी?" गोदावरी म्हणाली. "इतकं पाणी जातं तरी कुठे?"

*

किसनरावांच्या दुसऱ्या कोठाराची मागची भिंत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडाची होती, शेणामातीने लिंपलेली. एका कोपऱ्यात लिंपण गळून पडलं होतं. तिथे तिघांनी डोळे लावले. सूर्यभान पालथा, त्याच्यावर शकुन, तिच्यावर गोदावरी.

"पोट्ट्या हो, माहा श्वास कोंडून राह्यला," सूर्यभान खालून म्हणाला.

"मंग नको घेऊ," शकुन म्हणाली.

आत छपरापर्यंत कापसाचा ढीग होता. आज पहाटेच एक कोठार जळलेलं, समोर म्हातारा खांबाला बांधलेला, आणि इथे काम चालूच. एका बाजूने दोन गडी कापूस पायाने तुडवत होते. पखालवाला पखालीचं तोंड सोडून त्यावर पाणी शिंपत होता. आणि बाजूला स्वतः किसनराव उभे होते, माळ फिरवत.

"आतल्या थराले मार बे. वरचा थर कोरडा राहू दे. मुंबईवाला हात घालून पाह्यते तो वरच पाह्यते. वजन आतमंदी पाह्यजे."

"मालक," पखालवाला दबकत म्हणाला, "चार-पाच रोज तिकडल्या कोठारात बी असंच मारलं होतं जी. आज ते..."

"ते त्या बुढ्याच्या चिलमीनं जळलं. ऐकलं ना? पाण्यानं कधी आग लागते का, मूर्खा?"

शकुन उसळून उठू पाहत होती. ती गोदावरीच्या पोटाखालीच होती, त्यामुळे गोदावरीला ते कळत होतं. तिने शकुनचा खांदा दाबून धरला. आत्ता ओरडलो तर सगळं संपेल.

किसनराव आणि गडी बाहेर गेले तेव्हा तिघांनी कुडाच्या काटक्या वाकवल्या आणि आत शिरले. आत उबदार होतं. इतकं उबदार की बाहेरच्या थंडीनंतर आधी बरंच वाटलं. ढिगाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे जुना कापूस होता, एक मांजर तीन पिल्लांना घेऊन निवांत झोपली होती.

"जागा बरी शोधली हिनं," सूर्यभान म्हणाला. मग त्याचं हसू उतरलं. तो मांजरीशेजारी गेला आणि ढिगावर तळहात ठेवला. "हे गरम काहून हाये?"

शकुनने बाही सारली आणि हात ढिगात घातला. मनगट, कोपर, खांदा. "वरून कोरडा. मंग ओला. मंग..." तिने हात झटकन बाहेर ओढला. हाताला पाणी लागलेलं होतं आणि कातडी लाल झाली होती. "आत चूल हाये."

सूर्यभान पांढरा पडला. "मले मालूम हाये हे. मागच्या साली कडबा ओला असताना गंजी रचली होती आमच्या गड्यानं. चार-पाच रोजानं आतून धूर. ओलं दाबून ठेवलं की आतल्या आत तापते ते. बापानं सांगतलं होतं, उकलू नका, हवा लागली की पेटते." तो थांबला. "म्हणजे माह्या बापाच्या गाड्या..."

"पाण्याने जळल्या," गोदावरी म्हणाली.

"मी आताच त्या किसनरावाचं तंगडं तोडतो."

"माही पाळी पयली हाये," शकुन म्हणाली.

"थांबा." गोदावरीचे कान पेटले होते, पण डोकं कधी नव्हे इतकं भराभर चाललं होतं. "आपण ओरडलो तर आपलं कोण ऐकणार? शकुनचं सकाळी ऐकलं का? लोक किसनरावांचं ऐकतात. मग किसनरावांनाच बोलू दे."

तिने दोघांना जवळ घेऊन सांगितलं. सूर्यभान ऐकता ऐकता हसायला लागला. शकुन मात्र हसली नाही.

"आबाजीले वाईट वाटंन," ती म्हणाली.

"हो. थोडा वेळ. तू सहन करशील?"

शकुनने खाली पाहिलं. "करीन."

गोदावरीने आधी मांजरीची पिल्लं परकराच्या घोळात घेतली. मांजर आपोआप मागे आली.

*

दुपारी तहसीलदार शेषराव दोन शिपाई घेऊन घोड्यावरून आले. थकलेले, धुळीने भरलेले, काम लवकर उरकायच्या बेतात. किसनरावांनी पुन्हा सगळं सांगितलं. मामांना विचारलं. मामा या वेळी जरा अडखळले, पण "होय, पाहिलं" म्हणाले.

"ठीक आहे," शेषराव म्हणाले. "घेऊन चला याला."

तेवढ्यात गोदावरी पुढे झाली. एवढ्या मोठ्या पुरुषांच्या घोळक्यात परकर नेसलेली मुलगी पुढे आलेली पाहून मामांनी कपाळावर हात मारला.

"साहेब, एक सांगायचंय. नत्थुजी नुसते त्या कोठारापाशी नव्हते. ते दुसऱ्या कोठारातसुद्धा बसायचे. तिथेही ठिणगी पडली असेल."

नत्थुजीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. गेल्या सुट्टीत त्याने तिला बोरं पाडून दिली होती. ती नजर तिला सोसेना, पण तिने आपली नजर किसनरावांवरच ठेवली.

किसनरावांचा चेहरा फुलला. "वकिलाची भाची शोभते. खरं हाये साहेब, तिथं बी बसते हा."

"ढिगाजवळ?" गोदावरीने विचारलं.

"जवळ कायले? वरच. ढिगावर चढून बसते, चिलीम घेऊन."

"तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"या डोळ्यांनं."

"मग साहेब, तो ढीग उकलून पाहायला नको का? नाहीतर तोही पेटेल आणि सगळा बाजार जाईल."

किसनरावांचं फुललेलं तोंड तसंच राहिलं, पण हातातली माळ थांबली. "नाई, म्हणजे... इतकं काही नाई. चांगला कोरडा माल हाये साहेब. उचकला तं खराब होईन."

"तुम्हीच म्हणता हा त्यावर चिलीम घेऊन बसतो," शेषराव म्हणाले. आता त्यांची झोप उडाली होती. "आणि पाहायला नको? उघडा."

सगळी गर्दी कोठारात लोटली. दाराशी मातीने भरलेल्या टोपल्यांची रांग आणि भिजवलेली घोंगडी पाहून रामरावांनी मुलाला विचारलं, "हे कोणं ठेवलं?" सूर्यभान म्हणाला, "लागंन आता."

गड्यांनी वरचा कापूस ओढला. पांढराशुभ्र, थंड, कोरडा. किसनराव घाईने म्हणाले, "पाह्यलं? काही नाई." पण शेषरावांनी हात हलवला. आणखी एक थर निघाला. तो पिवळट होता, आणि त्यातून वाफ आली. पुढचा तपकिरी. करपल्याचा वास सुटला. गडी मागे सरकले. मग एकाने भीतभीत काठी खुपसून ढेकूळ उलटवलं, आणि आतून काळाकुट्ट कापूस बाहेर आला, त्यात लाल डोळे चमकत होते.

हवा लागली मात्र. भक्क!

"माती," सूर्यभान ओरडला. तो आणि शकुन सगळ्यांच्या आधी टोपल्या घेऊन धावले. एक, दुसरी, तिसरी. गोदावरीने घोंगडं फेकलं, पण ते तिच्याच्याने पूर्ण पसरेना, तेव्हा दुसरं टोक कोणीतरी धरलं. रामराव होते ते. जाळ दोनदा उसळला आणि दोनदा दाबला गेला. शेवटी नुसता धूर उरला, आणि खोकणारी, डोळे पुसणारी, घाबरलेली माणसं.

शेषरावांनी बाजूचा कापूस मुठीत घेऊन पिळला. बोटांतून पाणी टपटप गळलं. तेवढाच आवाज सगळं कोठार ऐकत होतं.

शकुन पुढे आली. तोंड काळं, हात लाल.

"किसनरावजी, माहा आबाजी ढिगावर चढून बसते म्हणता ना तुमी? मंग ठिणगी वर पडली असती. वरचा कापूस पांढरा आणि पोटातला काळा कसा झाला? आबाजीनं चिलीम काय पाण्यातून आत पाठवली?"

"ते पाणी... आगीची काळजी म्हणून..."

"आवारातली धूळ पाहा साहेब," गोदावरी म्हणाली. "तिथे थेंब पडलेला नाही. सगळं पाणी इथे येतं. वजन वाढावं म्हणून."

"होय जी," मागून पखालवाला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "मीच मारत होतो. मालकाच्या सांगण्यावरून."

मग सूर्यभानने कडब्याच्या गंजीचं सांगितलं, आणि गर्दीतले शेतकरी माना हलवू लागले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी अशी गंजी पाहिली होती. पण कापसाच्या वेळी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण आगीजवळ पाणी दिसलं की माणूस निश्चिंत होतो. रामराव किसनरावांकडे वळले. त्यांनी हातातलं घोंगडं खाली टाकलं. ते पाहून किसनराव शिपायांच्या मागे सरकले, आणि शेषरावांनी शिपायांना सांगितलं, "याला सोडू नका."

"आणि तुम्ही तिघं," शेषराव म्हणाले, "शाबास. माझ्या कचेरीतल्या मोठमोठ्यांना सुचलं नसतं. अमरावतीच्या शाळेला मी स्वतः कळवीन. कोणाच्या डोक्यातली युक्ती ही?"

"साहेब," शकुन म्हणाली, "शाबासकी मंग. त्याचे हात सोडा आधी."

शेषरावांनी बाहेर पाहिलं. खरंच, एवढ्या गडबडीत म्हातारा अजून खांबालाच होता. स्वतः तहसीलदार बाहेर गेले आणि दावं सोडवलं. नत्थुजीची मनगटं सुजली होती. त्याला हात पुढे आणता येईना, तेव्हा शकुनने ते हळूहळू आणले आणि चोळत बसली. तो गोदावरीकडे पाहून म्हणाला, "पोरी, घाबरवलंस मले."

"माफ करा, आजोबा."

"माफ कायले? मले वाटलं, तू बी गेली त्याईच्यात."

मामा लांबून येत होते. पागोटं हातात होतं. ते नत्थुजीसमोर वाकले आणि पुटपुटले, "नत्थुजी, माझी चूक झाली. मी धूर पाहिला नव्हता. थंडीची वाफ होती."

"मामा," गोदावरी म्हणाली, "सकाळी तुम्ही इतक्या हळू बोलला नव्हतात."

मामांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग शकुनच्या फुटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग ते वळले, जवळच्या गाडीवर चढले आणि सगळ्या बाजारासमोर म्हणाले, "ऐका. मी सकाळी सांगितलं ते खोटं होतं. मी या माणसाला धूर काढताना पाहिलं नाही. कधीच पाहिलं नाही."

पुढची माणसं जवळ सरकली. नत्थुजी मान खाली घालून मनगटाकडे पाहत होता.

"मांगच्याईले ऐकू नाई आलं," शकुन म्हणाली.

वकीलसाहेबांनी खोल श्वास घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.